किरोवहून सगळं ठीक

किरोव, ३ नोव्हेंबर २०२४

गोपीभाऊ,

सलाम. पोचून तीन आठवडे झाले आणि आज लिहितोय, म्हणून आधी शिव्या घालून घ्या, मग पुढे वाचा. तुमच्या दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, इथे कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तेव्हा आपल्याला ईमेलच बरा. मराठी टाइप करायला आमच्या लेकीने, अजराने जबरदस्तीने शिकवलं होतं. तेव्हा मी तिच्यावर वैतागायचो, आता दुवा देतो.

मॉस्कोहून ट्रेनने तेरा तास. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर संध्याकाळी साडेचारला सामसूम. सतरा वर्षं तिकडे दुबईच्या अल क्वोजमध्ये एसी दुरुस्त करून मी लोकांना थंडी पुरवली, इथे ती फुकट मिळते. काम एका मोठ्या मॉलमध्ये डक्टचं आहे, आपल्या हातचंच.

खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. मालकीण तमारा इव्हानोव्ना, सत्तरीच्या आहेत. खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या, भिंतीवर गालिचा. हो, भिंतीवर. आपण जमिनीवर घालतो, हे लोक भिंतीला लावतात. एक पांढरं मांजर आहे, ते माझ्या पायाशीच झोपतं. आतली ऊब अशी की बनियनवर बसावं लागतं. गरम पाण्याचे पाइप सरकार चालू करतं आणि सरकारच बंद करतं, आपल्या हातात रेग्युलेटर नाहीच. फार गरम झालं तर खिडकी उघडायची. दूध पिशवीत घालून त्याच खिडकीबाहेर टांगायचं, म्हणजे फ्रीजचा खर्च वाचला.

घरी बायकोला, जहांआरालाही हेच कळवलंय. माझी काळजी नसावी. माझ्या खाटेवर कोण आलं?

तुमचा,
हम्माद

देरा, दुबई, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय हम्माद,

शिव्या घातल्या. आता बरं वाटतंय.

तुझं पत्र खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. सरकार गरम पाणी देतं हे ऐकून सगळ्यांनी बाथरूमकडे पाहिलं, कारण आमच्या गीझरने परवाच दम तोडला. भिंतीवरच्या गालिच्यावर मात्र कोणाचा विश्वास बसला नाही.

तुझ्या खाटेवर सिद्धार्थ नावाचा पोरगा आलाय, नाशिकचा. सेल्समध्ये आहे. आल्या आल्या म्हणाला, “अंकल, बेडस्पेसचे साडेसातशे दिरहम? म्हणजे साडेसतरा हजार रुपये! नाशिकला यात टू बीएचके येतो.” मी म्हटलं, मग नाशिकलाच राहायचं होतंस. रागावला नाही. पोरगा चांगला आहे, पण झोपेत इंग्रजीत सेल्स कॉल करतो. तुझं घोरणं बरं होतं. अकरा वर्षांत त्याची सवय झाली होती.

गोदामात मी आहे तसाच आहे. कंपनीचे मालक बदलायच्या गोष्टी चालल्या आहेत. नवीन लोक येतात, रॅकचे फोटो काढतात, ‘वेअरहाऊस मॅनेजमेंट सिस्टिम’ म्हणतात आणि जातात. सव्वीस वर्षं मी ती सिस्टिम डोक्यात घेऊन फिरतोय, पण डोक्याचा फोटो निघत नाही.

एक सहज विचारतो. तुमच्या मॉलला स्टोअरकीपर लागतो का? सत्तावन्नावं चालू आहे, पण आकडे अजून पाठ राहतात. संसार शालिनीबरोबरच गेला, आता खेडला जाऊनही काय करणार? घर धाकट्या भावाकडे आहे, तिथे मी पाहुणाच. तेवढं विचारून ठेव. घाई नाही.

तुझा,
गोपीनाथ

किरोव, १ डिसेंबर २०२४

गोपीभाऊ,

उशीर झाला, कामाची गडबड होती.

तुम्ही स्टोअरकीपरचं विचारलंत. मी विचारलं. सध्या भरती नाही म्हणतात. आणि खरं सांगू, इथलं तुम्हाला झेपणार नाही. रस्त्यावर बर्फ साचून काच होते, परवा माझ्यासमोर एक बाई चालता चालता बसकण मारून पडली. तुमचा उजवा गुडघा मला माहीत आहे. शिवाय सगळा कारभार रशियन भाषेत. दुकानात मीठ मागायला गेलो तर साखर घेऊन आलो, आठवडाभर गोड डाळ खाल्ली.

मी तरुण आहे (एकोणपन्नासाला इथे तरुण म्हणतात), माझं चाललंय. तमाराबाई परवा बटाट्याचं सारण भरलेली पोळी देऊन गेल्या. तुम्ही आहात तिथे बरे आहात. त्या देऱ्यात तुम्हाला ओळखत नाही असा चहावाला नाही. ते सोडून येऊ नका.

हम्माद

देरा, २० डिसेंबर २०२४

हम्माद,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. ‘तुम्ही आहात तिथे बरे आहात’ हे वाक्य काही पचनी पडेना.

अकरा वर्षं एका खोलीत राहिलो. तुझ्या बापाच्या मयतीला तुला तिकीट मिळेना, तेव्हा मी कोणाकोणाचे पाय धरले, ते तू विसरला असशील, मी काढतही नव्हतो. आज काढतोय. शालिनी गेली तेव्हा चार दिवस तू मला पेज भरवलीस, तेही मी विसरलेलो नाही. आणि आज तुला बरी नोकरी, बरी खोली, भरवणारी मालकीणबाई मिळाली, तर गोपीनाथ तिथे नको. गुडघ्याचं निमित्त काढलंस. साफ सांगितलं असतंस की भाऊ, तुमचं ओझं होईल, तर मी समजलो असतो.

आता माझं ऐक. मला नोटीस मिळाली आहे. मार्चअखेर खलास, व्हिसा कॅन्सल. सव्वीस वर्षांची नोकरी एका पानात आटोपली, त्यात माझं नावही ‘गोपनाथ’ लिहिलंय. तुला सांगितलं नाही, कारण तुला वाटलं असतं की गळ्यात पडतोय.

म्हणून माझी व्यवस्था मीच केली. नैफ रोडला एक एजंट आहे, रशियाचीच माणसं पाठवतो. गोदामाचं काम, राहायची सोय, जेवण. शहर कुठलं ते तिथे गेल्यावर ठरेल. काल जाऊन फोटो दिले आणि नोटिशीबरोबर कंपनीकडून हातात आलेला पासपोर्टही देऊन आलो. त्याने नुसती झेरॉक्स मागितली होती. मीच म्हटलं, ओरिजिनलच ठेवा, आमच्या खोलीत सहा माणसं, कुठे सांभाळणार.

तुला त्रास द्यायला येणार नाही. रशिया मोठा आहे.

गोपीनाथ

किरोव, २२ डिसेंबर २०२४

गोपीभाऊ,

हे वाचलंत की चपला घाला आणि नैफ रोडला जा. पासपोर्ट परत घ्या. तो काहीही म्हणो, उद्या या म्हणो, चहा पाजो, तुम्ही पासपोर्ट हातात आल्याशिवाय तिथून उठू नका. सिद्धार्थला बरोबर न्या. मग येऊन पुढचं वाचा.

तमारा इव्हानोव्नाच्या खोलीत मी राहत नाही. कधीच राहिलो नाही. त्यांच्या इमारतीचे जिने मी पुसतो. त्या मांजराला हाक मारायला दार उघडतात, तेव्हा आतल्या कुंड्या दिसतात, भिंतीवरचा गालिचा दिसतो. दूध खिडकीबाहेर टांगलेलं मी अंगणातून पाहतो. ती भरलेली पोळी मात्र त्यांनी खरंच दिली होती, जिन्यात उभ्या उभ्या खाल्ली.

मॉल नाही, डक्ट नाही. पहाटे पाचपासून इमारतींसमोरचा बर्फ फावड्याने काढायचा, मग जिने. कधी छपरावर चढून बर्फाचे सुळे फोडायचे. आम्ही अकरा जण एका इमारतीच्या तळघरात राहतो, डोक्यावरून पाइप गेलेत, भिंती ओल्या. बाकी सगळे उझबेक. खोली शोधली नाही असं नाही. जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं, परक्यांना देणार नाही. एक बाई तयार झाली, पण माझं नाव तिच्या पत्त्यावर पोलिसांत नोंदवायला नाही म्हणाली. इथे नोंद नसेल तर रस्त्यावर नुसतं उभं राहणं हाही गुन्हा. बसस्टॉपवर पोलीस दिसला की मी मागच्या गल्लीने जातो. दुकान बंद व्हायच्या वेळेला शिळ्या मालावर पिवळी चिठ्ठी लावतात, ती पाहून खरेदी करतो. बटाटे, कोबी, ते काळपट दाण्यांचं ग्रेच्का, अंडी. मटणाला हात लावत नाही, कशाचं ते कळत नाही.

आणि इथून निघून येत का नाही म्हणाल, तर पासपोर्ट माझ्याकडे नाही. तुम्हाला वाटेल, हिसकावून घेतला. तसं असतं तर सांगायला तरी तोंड असतं. पहिल्या दिवशी कंत्राटदार नोंदीसाठी पासपोर्ट पाहत होता. पाहून त्याने माझ्याकडे परत सरकवला. मीच पुन्हा त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, ऑफिसमध्ये ठेवा. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पासपोर्टकडे, आणि खणात टाकला. सतरा वर्षं आपले पासपोर्ट कंपनीच्या कपाटात राहिले, गोपीभाऊ. सुट्टीच्या दिवशी हातात यायचे तेव्हा चोरीचा माल बाळगल्यासारखं वाटायचं. शहाण्या माणसाने पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा असतो, असंच डोक्यात बसलंय. अलीशेर म्हणून एक उझबेक आहे माझ्या खालच्या खाटेवर. त्याला हे सांगितलं, तर तो मला वेडा समजला. मग तुम्ही लिहिलंत की तुम्हीही तेच केलंत, आणि मी लगेच हे लिहायला बसलो.

आता कंत्राटदार म्हणतो, मला आणणाऱ्या एजंटला त्याने दिलेले पैसे फिटेपर्यंत पासपोर्ट मिळणार नाही. मागच्या आठवड्यात आणखी एक माणूस आला होता. गोड बोलत होता. या कागदावर सही कर, पासपोर्ट आठ दिवसांत, पगार तिप्पट. अलीशेरने कागद वाचला आणि माझ्या हातातून काढून घेतला. फौजेचा कागद होता.

तुम्ही नको होतात म्हणून नाही म्हटलं नाही. रोज संध्याकाळी वाटायचं की तुम्ही शेजारच्या खाटेवर असायला हवे होतात. म्हणूनच नाही म्हटलं.

जहांआराला यातलं एक अक्षर कळता कामा नये. तुम्हाला माझी शपथ.

हम्माद

देरा, २६ डिसेंबर २०२४

हम्माद,

पासपोर्ट मिळाला. दोन तास बसलो. एजंट म्हणाला, “अंकल, टेन्शन क्यूं लेते हो, प्रोसेस में है.” सिद्धार्थ त्याला इंग्रजीत काय बोलला ते पूर्ण कळलं नाही, पण त्यात ‘पोलीस’ दोनदा आलं आणि पासपोर्ट खणातून बाहेर आला. झोपेतले सेल्स कॉल माफ केले त्याला. पासपोर्ट आता बनियनच्या आतल्या खिशात आहे, रात्रीही काढत नाही. टोचतो.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग माझं मागचं पत्र काढून वाचलं आणि मान खाली गेली. तुझ्या बापाची मयत काढली मी. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

आता कामाचं. काल तुझ्या जुन्या ऑफिसात गेलो. सुरुची आठवते का, अ‍ॅडमिनमधली, पुण्याची? तिला म्हटलं, हम्मादच्या पासपोर्टची कॉपी हवी आहे. म्हणाली, “काका, एक्स-एम्प्लॉयीची फाइल मी अशी देऊ शकत नाही, पॉलिसी आहे.” मग मी सगळं सांगितलं. ती उठली, लंचला गेली, आणि जाताना स्क्रीन चालू ठेवून म्हणाली, “काका, प्रिंटर उजवीकडे आहे.” पासपोर्टची सगळी पानं, फोटो आणि तुझा जन्मदाखलासुद्धा मिळाला. सोबत जोडलंय. मॉस्कोतल्या आपल्या वकिलातीला लिही, पासपोर्ट गेला, घरी जायचं आहे. एका वेळच्या प्रवासाचा कागद देतात, सुरुचीने नेटवर पाहिलं. अलीशेरला घेऊन तिथल्या पोलिसांत हरवल्याची तक्रार कर. दंड होईल, होऊ दे. त्या दुसऱ्या कागदाला मात्र बोट लावू नकोस.

माझी चिंता सोड. उम्म अल कुवैनला एका ओळखीच्या माणसाचं गोदाम आहे, एप्रिलपासून ये म्हणालाय. शांत जागा, समुद्र जवळ. माझं जमलंय. तू फक्त घरी जा.

गोपीनाथ

किरोव, ९ फेब्रुवारी २०२५

गोपीभाऊ,

वकिलातीचं उत्तर आलं. कागदपत्रं पुरेशी आहेत म्हणतात. पोलिसांत अलीशेर बरोबर आला होता, त्याने आपली दिवसभराची मजुरी बुडवली. दंड भरून बाहेर जायची परवानगी मिळेल, मार्चअखेर निघता येईल. तुमच्या उम्म अल कुवैनचं वाचून फार बरं वाटलं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोपलो.

पण मी जाणार नाही. रागावू नका, ऐका. हर्णैला अम्मीने सगळ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलंय की माझा हम्माद रशियात इंजिनियर आहे. अम्मीचं, म्हणजे शहरबानूचं, तोंड तुम्ही पाहिलेलं नाही. मशिदीच्या चौथऱ्यापासून बंदरापर्यंत एकही घर सोडलेलं नसणार. दुबईहून मी दर दोन वर्षांनी जायचो, तेव्हा बारा घरांत सामान वाटायचो. साबण, अत्तर, चादरी, चॉकलेटं. आपल्याकडे माणूस परदेशातून आला की आधी त्याच्या हातांकडे बघतात, मग तोंडाकडे. आता ईदला मी एका झोळीत दोन शर्ट घालून उतरू? पाच महिन्यांत हाकलला म्हणतील. अजराचं लग्न बघायचं आहे. मुलाकडचे काय विचारतील?

इथे कोणी मला ओळखत नाही. जिना पुसताना लाज वाटत नाही. तिथे वाटेल. वर्षभर काढतो, थोडं साठवतो, मग येतो. इन्शाल्ला.

दमलोय एवढंच. बाकी ठीक आहे.

हम्माद

हर्णै, १८ फेब्रुवारी २०२५

गोपीनाथभाईंना जहांआराचा सलाम.

तुमचं पत्र मिळालं. शपथ मोडून लिहिलंत, त्याचं पाप लागलं तर माझ्या खाती लावा.

त्यातलं निम्मं मला ठाऊक होतं. यांनी नोव्हेंबरात लिहिलं की मांजर पायाशी झोपतं. गोपीनाथभाई, मांजर दारातून गेलं तरी यांना शिंका येतात, डोळे सुजतात. लग्नानंतर माझं मांजर मला माहेरी पाठवावं लागलं होतं. तेव्हाच कळलं की ही खोली यांची नाही. पण मी विचारलं नाही. सतरा वर्षं दुबईहून सगळं ठीक आहे असंच येत होतं, आणि मीही इथून सगळं ठीक आहे असंच लिहीत होते. अजराला टायफॉइड झाला तेव्हाही तेच लिहिलं. दोघांनी एकमेकांना कधी खरं लिहिलंच नाही. आता मला त्याचा कंटाळा आलाय.

ते लाजेने तिथे राहणार, हे मी ओळखते. लाज नको असं सांगून जाणार नाही, म्हणून दुसरं काहीतरी करायला हवं. अम्मींना मी सांगितलंय की मालकाने ईदची सुट्टी दिली. सुट्टी लांबली की लोक आपोआप विसरतात, मोहल्ल्याला पहिल्या आठ दिवसांचीच हौस असते. प्रश्न सामानाचा राहिला. दापोलीच्या दुकानातलं चालणार नाही, इथल्या बायका डबा उलटा करून बघतात.

हे नेहमी सांगायचे की देऱ्याला बनियास चौकात रशियन पाट्यांची दुकानं आहेत, रशियन लोक तिथे खरेदीला येतात. तिथून बारा घरांपुरतं घ्या. वर रशियन अक्षरं असली की बास. अम्मींना एक शाल, नीट बघून. आणि यांना पत्र पाठवाल तेव्हा सांगा की जहांआराला कळलंय, आणि ती रडत नाहीये, यादी करतेय.

तुमची नोकरी संपतेय हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. उम्म अल कुवैनचं काही मला लिहिलं नाहीत, यांच्या पत्रातून कळलं. मला ते पटलं नाही. तुम्ही यांचेच दोस्त. ईद आमच्याकडे करा.

जहांआरा

देरा, १४ मार्च २०२५

प्रिय हम्माद,

शपथ मोडली. तुझ्या बायकोचं पत्र सोबत जोडतोय, ते आधी वाच आणि मग माझ्यावर ओरड.

वाचलंस? आता खरेदीचं ऐक. शुक्रवारी बनियास चौकात गेलो. दुकानदार पठाण, रशियन फाडफाड बोलणारा. मी डोक्याला फडकं बांधलेल्या बाळाच्या चित्राची चॉकलेटं घेतली, लाकडी चमचे घेतले, एकात एक बसणाऱ्या बाहुल्या घेतल्या. तो म्हणाला, “चाचा, इतना सामान? रशिया जा रहे हो क्या?” मी म्हटलं, रशिया से आ रहा हूँ. त्याने कॅलक्युलेटर पुढे ओढला. मग म्हणाला, “यल्ला, तुम्हारे लिए टेन परसेंट कम.” बाहुल्यांच्या बुडाला चीनचं लेबल होतं, ते सिद्धार्थने आणि मी बसून नखांनी खरवडून काढलं. अम्मींची शाल काळी आहे, वर मोठाले गुलाब. सिद्धार्थ म्हणतो, “काका, इट्स टू मच.” अम्मींना टू मचच आवडेल.

आता माझं. उम्म अल कुवैनचं गोदाम नव्हतंच. तू निर्धास्त होऊन निघावंस म्हणून लिहिलं. तुझ्या बायकोने एका ओळीत ओळखलं, तू ओळखलं नाहीस. सव्वीस तारखेला व्हिसा कॅन्सल होतोय, सत्तावीसचं मुंबईचं तिकीट आहे. माझं सामान एक पिशवीभर भरलं. सव्वीस वर्षांत एवढंच कसं, म्हणून खाटेखाली पुन्हा पुन्हा बघितलं. मोठी बॅग तुझी आहे, तेवीस किलो.

वकिलातीचं जे उत्तर तू मला धाडलंस, त्यात तुझं विमान अठ्ठावीसला दुपारी मुंबईत उतरतं, ते चुकवू नकोस. मी विमानतळाबाहेरच थांबतो. बॅग तिथे तुझ्या हातात देईन. गावात शिरताना ती तू उचलायचीस, मी नाही. माझ्या हातांकडे बघणारं खेडला कोणी उरलेलं नाही, त्यामुळे मला रिकामं जायला काही वाटत नाही. म्हणजे वाटतं. खोटं कशाला लिहू.

जहांआराने मला ईदला बोलावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. ती भली बाई आहे, ती कोणालाही बोलावेल. तू काही बोलला नाहीस.

गोपीनाथ

मॉस्को, २७ मार्च २०२५

गोपीभाऊ,

वकिलातीच्या बाकावर बसून लिहितोय. कागद मिळाला. पांढरा, घडीचा, त्यावर लिहिलंय की फक्त एका प्रवासासाठी. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कोणाच्या सुपूर्द करू? मी म्हटलं, माझ्याच. दोन्ही हातांनी घेतला.

अलीशेर स्टेशनवर आला होता. त्याने ट्रेनसाठी भाताचा डबा दिला, रोजा सोडायला. मी त्याला खरं काय ते विचारलं, तू घरी केव्हा जाणार. तो हसला आणि माझी झोळी उचलून गाडीत ठेवली.

जहांआराचं पत्र इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. तिला काय लिहावं कळेना, म्हणून काल रात्री फक्त एवढं लिहिलं की हात फुटलेत, पाठ दुखते, आणि मी येतोय. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

तुम्ही येताय. विचारत नाही, सांगतोय. ईदला या, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उचलू नका. ओटीवर दोन खाटा मावतात. अम्मी तुम्हाला दिवसभर प्रश्न विचारतील, खरी उत्तरं द्यायची की खोटी ते तुमचं तुम्ही ठरवा. बॅग मात्र तेवीस किलोची आहे. विमानतळापासून घरापर्यंत तिचा एक बंद तुम्ही धरा, एक मी धरतो.

हम्माद